जास्तीचं शून्य

मेघनाने दहा लिहिले की शंभर व्हायचे. दर वेळी नाही. दर वेळी झाले असते तर बरं, निदान तेवढा भरवसा तरी राहिला असता. दिवसातून चार-पाचदा, आणि तेही नजर जरा ढळली की नेमकं तेव्हाच. बोट एकदा पडायचं आणि पडद्यावर शून्यं दोन उमटायची.

लग्नाच्या पत्रिका टाइप करणाऱ्या बाईने याचं काही मनावर घेतलं नसतं. मेघनाचं काम तसलं नव्हतं. पेशंटला घरी सोडताना डॉक्टर जे सांगायचं ते फोनमध्ये बोलून ठेवत. ते बोलणं दादरच्या एका एजन्सीकडे येई, आणि एजन्सीच्या दहा-बारा बायका आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून ते टाइप करीत. ही गोळी दहा मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. त्या दहाचे शंभर झाले तर काय होईल हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. तपासणीला बसलेल्या मृणालिनी मॅडमनी दिवाळीनंतर असे दोन शंभर पकडले. पहिल्या वेळी त्या नुसत्या बोलल्या. दुसऱ्या वेळी मेल आली आणि मेलच्या पाठोपाठ फोन.

"मेघना, नऊ वर्षं तुझं पान मी डोळे मिटून पुढे पाठवत आले. आता पाठवता येत नाही. तिसरं सापडलं तर मला तुला थांबवावं लागेल. मग माझ्याही हातात काही नाही."

थांबवावं लागेल. काढून टाकू असं कोणी म्हणत नाही हल्ली. मेघना चव्वेचाळीस वर्षांची होती. नवरा विनीत सकाळी सातला बाहेर पडला की रात्रीच उगवायचा, आणि घरी शहात्तर वर्षांचे सासरे. घर सोडून बाहेर जाता येत नाही आणि घरात बसून हेच एक काम येतं, अशा बाईला थांबवलं तर तिने कुठे जायचं? शिवाय नुसत्या कामाचीही गोष्ट नव्हती. मेघना परबचं पान म्हणजे बिनचूक पान, एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात एकटीने उभी केली होती.

बरं, कीबोर्ड काही जुनापुराणा नव्हता. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर दिवसभर टाइप करून मनगटं ठणकायला लागली म्हणून नवरात्राच्या आधी तिने स्वतः लॅमिंग्टन रोडला जाऊन तो आणला होता. मेकॅनिकल कीबोर्ड. प्रत्येक बटणाखाली त्याचा स्वतंत्र स्विच, बोट पडलं की खट्, उठलं की पुन्हा खट्. करी रोडच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या दीड खोलीच्या घरात तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा. विनीतने पहिल्याच दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. सासऱ्यांना मात्र आवाज फार आवडला.

सासरे म्हणजे अण्णा. दगडू परब. एकोणतीस वर्षं गिरणीत सांचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर; त्यातली शेवटची अकरा वर्षं जॉबर, म्हणजे पंचवीस-तीस सांचे आणि त्यांवरची पोरं त्यांच्या ताब्यात. गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं झाली, चाळ पाडून टॉवर झाला, म्हातारी गेली, आणि अण्णा हॉलमधल्या कॉटवर खिडकीकडे तोंड करून बसायला लागले. कीबोर्ड घरात आला तेव्हा ते कॉटवरून उठून टेबलाशी आले आणि पाच मिनिटं कान देऊन ऐकत राहिले.

"आता घरात कायतरी चलता असा वाटता गो," ते म्हणाले.

दसऱ्याला त्यांनी विळी, पकड, हातोडी यांच्या ओळीत कीबोर्डही मांडला आणि सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. पोट भरतं त्या यंत्राची पूजा व्हायचीच. गिरणीत सांच्यांना हार घालायचे ते हेच अण्णा. मेघनाला ते गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने फडक्याने कुंकू पुसलं आणि कामाला बसली.

शून्याची कटकट सुरू झाली ती त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी.

एजन्सीचा कॉम्प्युटर बघणारा निलेश हा माणूस चांगला, पण सगळ्या दुखण्यांवर त्याचं पहिलं औषध एकच, बंद करून चालू करा. ते झालं. मग त्याने दादरला बसून मेघनाच्या लॅपटॉपमध्ये शिरून सेटिंग उघडलं. "ताई, की दाबून धरली की अक्षर रिपीट होतं ना, त्याला वेळ असते. ती वाढवतो. मग बोट जरा रेंगाळलं तरी चालेल." वेळ वाढवली. काही फरक पडला नाही, कारण बोट रेंगाळत नव्हतंच. मेघना नऊ वर्षं टाइप करत होती, तिचं बोट कधी रेंगाळलं नव्हतं.

मग वायर दुसऱ्या पोर्टात लावून झाली. मग नवीन वायर आणून झाली. मग तोंडाने फुंकून, मग केस वाळवायच्या यंत्राने फुंकून. मग निलेशला एक नामी युक्ती सुचली. एकच की पटकन लागोपाठ दोनदा आली तर दुसरी धरायचीच नाही, अशी सोय कॉम्प्युटरमध्येच असते म्हणे. त्याने ती चालू करून दिली आणि दोन दिवस मेघना माणसासारखी जेवली. तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी खरोखरचे शंभर मिलिग्रॅम सांगितले. मेघनाने एक, शून्य, शून्य असं नेहमीच्या वेगाने मारलं, आणि कॉम्प्युटरने दुसरं शून्य इमानदारीत गिळून दहा लिहिले. पान पाठवायच्या आधी तिच्या लक्षात आलं म्हणून वाचली. तिने ती सोय बंद केली, आणि खुर्चीत मागे टेकली. दहाचे शंभर होतात ते सावरायला गेलं तर शंभरचे दहा होतात. आता हसावं की रडावं?

शेवटी निलेश म्हणाला, "स्विचच उपटू. तुमच्या कीबोर्डचा स्विच प्लग निघतो तसा निघतो. शून्याचा काढून कोपऱ्यातल्या पॉजच्या जागी लावा, पॉजचा शून्याला. पॉज कोणी जन्मात दाबत नाही."

मेघनाने व्हिडिओ कॉल लावून चिमट्याने दोन्ही स्विच उपटले. शून्याचा हाताला ओशट लागला. "चांगल्या स्विचला फॅक्टरीतच ल्युब, वंगण मारून देतात, ताई," निलेशने खुलासा केला. अदलाबदल झाली. बटणं तपासायच्या वेबपानावर पॉज एकदा दाबलं तर दोनदा उमटलं आणि शून्य एकदाच. दोष स्विचबरोबर कोपऱ्यात गेला! तो बुधवार होता. मेघनाने त्या दिवशी शिरा केला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार दुपारपर्यंत शून्य शहाण्यासारखं वागलं.

सोमवारी सकाळी दहाचे पुन्हा शंभर झाले.

"आता स्विच वेगळा, वायर वेगळी, पोर्ट वेगळा," निलेश फोनवर चाचरत म्हणाला. "राग मानू नका ताई, पण... सेम बोट आहे ना? हाताचं काही दुखणं वगैरे?"

राग कसला मानायचा, तिच्याही मनात तेच येत होतं. शून्य उजव्या हाताच्या करंगळीचं. लालबागच्या डॉक्टरांनी करंगळी मागेपुढे वाकवून बघितली, गोळ्या दिल्या, रबरी चेंडू दाबायला सांगितला. भाजी चिरताना, भांडी लावताना मेघना आपल्या करंगळीकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली. थरथरते का? उचलायला उशीर करते का? तिच्या आईचे हात साठीनंतर थरथरायला लागले होते, ते आपल्याला आत्ताच का? प्रत्येक पान आता ती तीनदा वाचायची. आठ तासांचं काम अकरा तासांवर गेलं. डोळ्यांची आग व्हायची, आणि दिवसभर एकच जप चाललेला असायचा, "मेलं शून्य. पुन्हा मेलं शून्य."

कॉटवरून अण्णा विचारायचे, "काय झाला गो?"

"काही नाही अण्णा. हे शून्य त्रास देतंय. हात दुखतात नुसते."

"हं," अण्णा म्हणायचे.

मेघना शनिवारी दुपारी अण्णांना चहा देऊन आईकडे माहीमला जायची आणि दिवेलागणीला परतायची. हा नेम अनेक वर्षांचा. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी ती गेली तर दाराला कुलूप. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, आई भजनाच्या बायकांबरोबर दादरला गेली, फोन घरीच विसरली. मेघना पायरीवर पाच मिनिटं टेकली आणि आली तशी परत फिरली. साडेचारला तिने आपल्या किल्लीने दार उघडलं.

अण्णा टेबलाशी बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. कीबोर्डची वायर त्यांनी लॅपटॉपमधून काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. बटणांच्या टोप्या काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या, जिथली तिथे. एका हातात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, दुसऱ्या हातात गोधडी शिवायची जाड सुई. ते सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेत, श्वास रोखून स्विचच्या पोटात सोडत आणि मलमलीच्या चिंधीने कडा पुसत. असा एक थेंब. मग पुढचा स्विच. शून्याशी आल्यावर त्यांनी तीन थेंब सोडले.

"अण्णा!"

त्यांनी दचकून वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखं नव्हे, कामात कोणी व्यत्यय आणावा तसं. "इलंस? आज लवकर?"

"काय करताय तुम्ही?"

"शनवार ना गो. तेल देतंय."

सुट्टीच्या आदल्या पाळीला सांचा पुसायचा, तेल द्यायचं आणि मगच घरी जायचं, ही एकोणतीस वर्षांची सवय. मेघनाला ती ऐकून पाठ होती. ती फक्त अशी घरात येऊन बसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती पुढे झाली आणि शून्याचा स्विच चिमट्याने उपटून उजेडात धरला. आत दसऱ्याचं कुंकू आणि दोन महिन्यांचं तेल मिळून लालसर राड झाली होती. दोन पत्र्यांनी एकमेकांना एकदाच शिवायचं, तिथे ते त्या चिखलात अडखळून दोनदा शिवत होते. एवढंच होतं. म्हणून बुधवारी पॉजचा कमी तेल प्यायलेला स्विच बसवला तर शनिवारपर्यंत नीट, आणि सोमवारी पुन्हा तेच.

आधी तिला हसू आलं. खरंच आलं. करंगळी चांगली होती! तिने ती डोळ्यांसमोर धरून दोनदा वाकवली, आणि मग तिचा सगळा शीण एकदम संताप होऊन वर आला.

"अण्णा, माझं काम जात होतं! दोन महिने मी मरतेय इथे. माणसांची औषधं लिहिते मी यावर, दहाच्या जागी शंभर पडत होते. कोणाच्या पोटात गेलं असतं म्हणजे? डॉक्टरकडे जाऊन आले मी, हात गेले म्हणून! आणि तुम्ही... कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

अण्णांनी सुई खाली ठेवली. बाटलीचं बूच लावलं. 

"तुझे हात दुखतत म्हणालंस," ते म्हणाले. "माका वाटला, चाप जड झाले आसतले. शून्य जास्ती त्रास देता म्हणालंस, म्हणून त्येका जास्ती दिलंय."

 ती जितकी कुरकुरत होती तितकं ते तेल देत होते, आणि ते जितकं तेल देत होते तितकी ती कुरकुरत होती. इतके दिवस घरात तेवढंच चाललं होतं.

"ह्या यंत्राला तेल चालत नाही, अण्णा," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "एक थेंबसुद्धा नाही."

"तेल नको?" अण्णांना ते खरं वाटेना. "मग त्येचा करूचा काय?"

"काही नाही. काही करायचं नसतं."

रविवारी तिने सत्त्याऐंशी स्विच उपटले आणि स्पिरिटमध्ये बुडवून, कापडावर वाळवून एकेक बसवला. जे साफ झाले नाहीत त्यांच्या जागी विनीतने नवे आणून दिले. अण्णा एरवी अशा कामाला आधी येऊन बसले असते. त्या दिवशी ते कॉटवरून उठले नाहीत. जेवायला हाक मारली तेव्हा आले, जेवले, ताट उचलून ठेवलं आणि परत जाऊन बसले.

सोमवारी शून्य शंभर वेळा मारलं तरी शंभरच उमटली. मेघनाने निलेशला कळवलं की दोष सापडला, स्विचमध्ये तेल गेलं होतं. अर्ध्या तासात मृणालिनी मॅडमचा फोन आला.

"तेल? कीबोर्डमध्ये तेल कसं जाईल? मेघना, मला वर लिहून द्यायचंय, नीट सांग. घरात दुसऱ्या कोणाचा हात लागतो का मशीनला?"

हा प्रश्न मेघनाला माहीत होता. कामाला लागताना सही केलेल्या कागदावर तो सगळ्यात वर होता. पेशंटची माहिती असते. घरातल्या दुसऱ्या कोणीही मशीनला हात लावायचा नाही, लावला तर काम त्याच दिवशी बंद. मागच्या वर्षी एकीच्या मुलाने लॅपटॉपवर गेम खेळला एवढ्यावरून तिला घरी बसवलं होतं. कीबोर्ड वायर काढलेला होता, अण्णांनी स्क्रीनकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, पण कागदात एवढं सगळं कुठे बसतं?

मेघनाने कॉटकडे पाहिलं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते, पण मान जरा इकडे वळलेली होती. हेडफोनमधलं मॅडमचं बोलणं त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. तिचं येत होतं.

"नाही मॅडम. कोणाचा नाही. मीच घातलं."

"तू? तेल?"

"बटणं जड वाटत होती. हात दुखत होते. शिलाई मशीनला घालतो तसं घातलं."

 मग मॅडम जे बोलायला लागल्या ते मेघनाने मान खाली घालून ऐकलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला एवढी अक्कल नसावी? नऊ वर्षं कॉम्प्युटरवर काम करते आणि कीबोर्डमध्ये तेल ओतते? निलेशचे किती तास फुकट घालवले? "हो मॅडम," मेघना म्हणत होती. "चुकलं माझं. हो. माझंच चुकलं." शेवटी मॅडम दमल्या. काम चालू राहील. महिनाभर तिचं प्रत्येक पान दोघी तपासतील आणि फाइलमध्ये नोंद राहील. नऊ वर्षांत फाइलमधली पहिलीच.

तिने हेडफोन काढून ठेवला. काम राहिलं होतं. छातीवरचं ओझं उतरलं असं तिला खरोखर वाटलं, आणि ते सांगायला ती अण्णांकडे वळली.

"झालं अण्णा. मिटलं."

"माझा नाव का नाय सांगितलंस?"

"तुमचं सांगितलं असतं तर काम गेलं असतं. बाहेरच्याचा हात चालत नाही त्यांना."

अण्णांनी मान हलवली. त्यांना पटलं असावं. जॉबर होते, नियम म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण ते तिच्याकडे बघेनात. "पोरांनी सांचो बिघडवलो की सायबासमोर मी उभो रवायचंय," ते खिडकीला सांगावं तसे म्हणाले. "माझ्या चुकीसाठी कोण उभा रवला नव्हता कधी. तशी पाळीच येऊ दिलंय नाय."

"त्यात काय एवढं अण्णा, मी काय परकी आहे?"

"नाय गो. परकी नाय," अण्णा म्हणाले. "बाहेरचो मीच झालंय."

मेघनाने त्यांना परोपरीने समजावलं. ते हो हो म्हणाले. चहा दिला तो प्यायले. विनीत आल्यावर तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तो म्हणाला, दोन दिवसांत विसरतील. दोन दिवस गेले, आठवडा गेला. मृणालिनी मॅडमच्या दोन्ही तपासनिसांना मेघनाच्या पानात काही सापडलं नाही. कीबोर्ड चालत राहिला आणि मनगटंही दुखायची कमी झाली.

पुढच्या मंगळवारी दुपारी ती टाइप करत होती. डिसेंबर असूनही उकडत होतं. कॉटवर हालचाल झाली, अण्णा उठले, भिंतीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. मेघनाने हेडफोन काढला.

"काय झालं अण्णा? काही हवंय?"

"पंखो लावू काय गो?" त्यांनी विचारलं. हात पंख्याच्या बटणापासून वीतभर लांब धरला होता.

 हे घर त्यांच्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेलं, पाटीवर नाव त्यांचं, आणि पंखा लावायला ते तिला विचारत होते.

"अण्णा, असं काय विचारता? तुमचंच घर आहे. लावा ना."

"व्हय," अण्णा म्हणाले. "लावू मा?"

ती पुन्हा हो म्हणेपर्यंत ते तसेच उभे राहिले.